दहावीतलं अधिक, अकरावीतलं उणे

दिवाळीआधी आमच्या घरच्या भिंतींना चुना लागायचा. अण्णा पत्र्याच्या डब्यात चुनकळीचे खडे टाकून वरून पाणी ओतायचे आणि आम्हा पोरांना लांब पिटाळायचे. डोळ्यात शिंतोडा गेला तर नजर जाईल, हे दरवर्षी बजावायचे. खडे फुटायचे, पाणी रटरटायचं, वाफ निघायची. खाली जाळ नाही, तरी डब्याला हात लावायची सोय नसे.

दहावीत हेच पुस्तकात भेटलं. उष्मादायी, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया: चुनकळी अधिक पाणी, बाणापुढे भिजलेला चुना ‘अधिक उष्णता’. लगेच पटलं, कारण डोळ्यांनी पाहिलेलं होतं. अकरावीला विज्ञान इंग्रजीतून आलं आणि त्याच अभिक्रियेपुढे लिहिलेलं दिसलं: डेल्टा एच, म्हणजे पदार्थाच्या ऊर्जेतला बदल, बरोबर उणे ६५ किलोज्यूल प्रति मोल (मोल म्हणजे कणांच्या ठरावीक संख्येएवढा पदार्थ). डबा तापतो, मग उणे कसं? पहिल्या चाचणीत मी बिनधास्त अधिक लिहिलं आणि गुण गेले. मग ‘उष्मादायी म्हणजे उणे’ असं घोकून ठेवलं. त्याने गुण मिळाले, पण समजलं काहीच नाही, आणि ते मला फार लागत होतं.

सरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, “तू डब्याबाहेर उभी राहून लिहितेस. चुन्याच्या जागी उभी राहून लिही.”

त्या रात्री वहीत पहिल्यांदा आकृती काढली: ऊर्जा जितकी जास्त, तितकी रेघ वर. डावीकडे वर एक आडवी रेघ: चुनकळी आणि पाणी. उजवीकडे खाली दुसरी: भिजलेला चुना. मधला बाण खाली. पदार्थ ६५ पायऱ्या उतरला, म्हणून उणे. उतरताना जे त्याने सोडलं तेच आमच्या डब्याला, वाफेला मिळालं. दहावीतलं ‘अधिक उष्णता’ही खरंच होतं, ते आपल्या बाजूने लिहिलेलं होतं. मग हिशेब केला. एक मोल चुनकळी ५६ ग्रॅमची, म्हणजे किलोभर चुनकळीतून सुमारे १,१६० किलोज्यूल. एवढ्यात साडेतीन लिटर साधं पाणी उकळीला येतं. अण्णा का ओरडायचे ते आकड्यात दिसलं.

पुढची ठेच वेगळीच होती. तक्त्यातल्या निर्मिती-ऊर्जा (मूलद्रव्यांपासून एक मोल पदार्थ बनताना होणारा ऊर्जेतला बदल) घेऊन तोच आकडा स्वतः काढायला बसले, तर उणे ६५ ऐवजी उणे १०९ आलं. तीनदा केलं, तीनदा तेच. चूक वजाबाकीत नव्हती. द्रव पाण्यासाठी उणे २८६ घ्यायचे, तिथे मी वाफेच्या ओळीतले उणे २४२ उचलले होते. वाफेचं पाणी होतानाच मोलामागे ४४ किलोज्यूल बाहेर पडतात, तेवढाच हा फरक. तेव्हापासून समीकरणात स्थायू, द्रव, वायू लिहिल्याशिवाय मी ऊर्जेचा आकडा मांडत नाही. अवस्था न लिहिलेलं समीकरण मला अर्धवटच वाटतं.

हेसचा नियम १८४० सालचा. वाट कुठलीही घ्या, सुरुवात आणि शेवट तेच असतील तर ऊर्जेतला बदल तेवढाच, हे वाक्य पाठ होतं. ते खरं वाटलं चुन्यामुळेच. चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंशांना भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते: अधिक १७८. पदार्थ वर चढला. डब्यात पाणी पडलं: उणे ६५. मग भिंतीवरचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा घेतो, पाणी सोडतो आणि परत चुनखडीच होतो: उणे ११३. वहीत तिन्ही बाण काढले, तर शेवटची रेघ पहिल्या रेघेवर येऊन बसली. १७८ वजा ६५ वजा ११३, शून्य. इतका आनंद मला बोर्डाच्या निकालानेही झाला नव्हता.

एक गोष्ट मात्र ही आकृती सांगत नाही: वेळ. डब्यातला उतार काही मिनिटांत संपतो, भिंतीवरचा महिनोन् महिने चालतो. बाणाच्या लांबीवरून वेगाचा अंदाज बांधायची सवय मला मोडावी लागली.

सुट्टीत घरी गेले तेव्हा अण्णांना वही दाखवली. ते अकरावीपर्यंत शिकलेले नाहीत, पण चढ-उतार त्यांना लगेच कळला. “म्हणजे भट्टीत घातलेलं सगळं डब्यात निघत नाही तर,” ते म्हणाले. नाही निघत. डब्यात तिसऱ्या हिश्शाहून थोडंच जास्त निघतं. उरलेलं भिंतीतून निघतं, हाताला कळणारही नाही इतकं हळू. अण्णांनी उठून भिंतीला तळवा लावून पाहिला.