शेणावरची शेगडी पेटेपर्यंत

गोबरगॅस बांधायचा असेल तर आधी गवंडी शोधा, अनुदानाचं नंतर बघा. अर्ज मुळीच अवघड नाही. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक घेऊन पंचायत समितीच्या कृषी विभागात द्यायचा. २ ते ४ घनमीटरच्या संयंत्राला सर्वसाधारण गटात १४,३५० रुपये अनुदान होतं, तेही बांधून झाल्यावर. खरं काम खड्ड्यात असतं.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड भागात दोन म्हशी, दोन गाई असलेली घरं पुष्कळ. आमचंही तसंच. तेवढ्या जनावरांचं पन्नास किलोच्या आसपास शेण २ घनमीटरच्या संयंत्राला पुरतं. आम्ही दीनबंधू पद्धतीचं घेतलं, म्हणजे जमिनीखालचा विटांचा घुमट, लोखंडी टाकी नाही. या घुमटाला केसाएवढी भेग राहिली तरी गॅस निसटतो. परिसरातली कितीतरी संयंत्रं अशीच बंद पडून त्यांत पाचोळा साठलाय, ते बघून जीव हळहळतो. म्हणून अनेक घुमट बांधलेला म्हातारा गवंडी मिळेपर्यंत मी थांबलो. मधल्या खुंटीला दोरी लावून तो प्रत्येक वीट त्या मापात बसवायचा. आतून गिलाव्याचे थर दिले, प्रत्येकावर सिमेंट घोटलं आणि पाणी मारायला एक दिवसही चुकवला नाही.

पहिल्या भरणीला जवळजवळ दोन टन शेण लागतं. शेजाऱ्यांनी पाट्या भरभरून दिलं, त्यांचे उपकार विसरणार नाही. शेण आणि पाणी सारखं घेऊन, काडीकचरा काढून कालवलं. चालू संयंत्रातली थोडी स्लरी, म्हणजे आत कुजलेला शेणकाला, विरजणासारखी घातली. सुरुवातीचा गॅस पेटत नाही; त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त आणि टाकीतली हवाही मिसळलेली, म्हणून तो काडी न लावता बाहेर सोडून द्यायचा. मिथेनचं प्रमाण वाढलं की निळी ज्योत धरते.

ज्योत फडफडू लागली तर पाइपात पाणी साचलंय समजा. पाइपाला उतार आणि सखल जागी पाणी काढायची तोटी हवीच. गोठा फिनाइलने धुतला तर ते पाणी आत जाऊ देऊ नका, जिवाणू मरतात. थंडीत गॅस कमी होतो, तेव्हा आम्ही उन्हात तापलेलं पाणी कालवायला घेतो.

आईचा सकाळचा चहा, भाकरी, आमटी आता यावरच होते. तिचा खोकलाही कमी झालाय. बाहेर पडणारी स्लरी पाटाच्या पाण्याबरोबर उसाला सोडतो. उकिरड्याच्या खताबरोबर येणारं तण यंदा बरंच कमी दिसलं.