उद्गारचिन्हाचा प्रकार ओळखा

परवा दुपारी नौपाड्यातल्या एका गल्लीत गाडी लावायला जागा मिळाली. ठाणेकरांना ह्या वाक्यातला चमत्कार वेगळा सांगायला नको. नवरा भाजणी आणायला उतरला तो रांगेत अडकला. मी इंजिन बंद करून, पार्किंगचे दिवे लुकलुकते ठेवून, मोबाइल चार्जिंगला लावून रेडिओ ऐकत बसले. अर्ध्या तासाने तो आला. मी गाडी चालू केली, चाक उजवीकडे वळवायला घेतलं, तर चाक हलेना. म्हणजे हललं, पण पाट्यावर वरवंटा ओढावा तसं. आणि समोर पिवळा दिवा: स्टिअरिंगचं छोटंसं चित्र, शेजारी उद्गारचिन्ह.

आता उद्गारचिन्ह दिसलं की माझं मन थेट सातवीच्या वर्गात जातं. केवलप्रयोगी अव्ययाचा प्रकार ओळखा. अहाहा, हर्षदर्शक. अरेरे, शोकदर्शक. बापरे, आश्चर्यदर्शक. छी, तिरस्कारदर्शक. आमच्या बाई एकेकाला उभं करून विचारायच्या आणि माझ्या वाट्याला नेमकं ‘चूप’ यायचं. ते मौनदर्शक. गाडी बनवणाऱ्यांनी नुसतंच चिन्ह दिलं, शब्द खाल्ला. त्यामुळे बापरे म्हणायचं की अरेरे, हे चालवणारीने ठरवायचं.

मागच्या रिक्षाने तिचा शब्द ठरवला होता. ती तो हॉर्नमधून सलग सांगत होती. नवरा म्हणाला, “ऑइल संपलं असेल.” पलीकडच्या पायरीवर बसलेले एक काकाही उठून आले आणि म्हणाले, “ऑइलच.” आपल्याकडे गाडी अडली की पहिल्या मिनिटाला दोन तज्ज्ञ जमतात आणि त्यांचं एकमत झालं की ते चुकीचं असतं. आमच्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग विजेवर चालतं. त्यात ऑइल नाही, पंप नाही, पट्टा नाही. एक मोटर असते, ती आपल्या हाताला जोर देते. तरी दोघांनी बॉनेट उघडून ऑइलची बाटली शोधलीच. काच पुसायच्या पाण्याची सापडली.

तेवढ्यात मला मामा ऐकू आला. “उभ्या गाडीचं चाक फिरवू नये. आधी हलू दे तिला.”

मामा एसटीत ड्रायव्हर होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याच्या गाडीने कल्याण, मुरबाड, माळशेज करत आजोळी जायचे. जागा ठरलेली: केबिनमध्ये इंजिनाच्या पेटीवर, गोधडीची चौघडी घालून. तरी खालून चटका बसायचाच. डिझेलचा वास, पुढे काचेला झेंडूची सुकलेली माळ, आणि मामाच्या हातात परातीएवढं चाक. चाक एवढं मोठं का, हे मला फार उशिरा कळलं. मोठ्या चाकाला जोर कमी लागतो, लांब पहारीने दगड हलवावा तसा. पॉवर स्टिअरिंग क्रायस्लरने अमेरिकेत १९५१ सालीच विकायला काढलं होतं म्हणे. मामाच्या गाडीत ते तीस वर्षांनंतरही पोचलेलं नव्हतं. घाटातल्या वळणावर तो सीटवरून अर्धा उठायचा, अंगाचा भार चाकावर टाकायचा, आणि वळण सरलं की चाक तळहाताखालून सरसर सुटू द्यायचा. ते सुटणारं चाक बघायला मला फार आवडायचं. त्याच्या खाकी शर्टाची उजवी बाही खांद्यापाशी दर महिन्याला उसवायची. मामी ती शिवताना म्हणायची, “ह्यांच्या शर्टाला घाट लागतो.”

मी गाडी शिकले चाळिशीत, उपवनच्या रस्त्यावर, एका बोटाने फिरणाऱ्या चाकावर. मामा एकदा शेजारी बसला होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ही तूच चालवतेस ना, का आपली आपणच चालते?”

तर, ब्रेकवरचा पाय हलका केला. गाडी वीतभर सरकली आणि सरकताना चाक वळलं. जड, पण वळलं. शेवटी चाकापासून टायरपर्यंतची लोखंडाची जोडणी शाबूतच असते, मोटर फक्त हातभार लावते. दोन्ही हातांनी, खांद्यातून ओढत, एकदा पुढे, एकदा मागे, पुन्हा पुढे. रिक्षावाला चक्क थांबला आणि “येऊ द्या, येऊ द्या” करायला लागला. गल्लीबाहेर मोकळी कडेची जागा बघून गाडी बंद केली, मिनिटभर थांबले, परत चालू केली. दिवा गेला. चाक लोण्यासारखं. नवरा म्हणाला, “बघ, काही नव्हतं.” कापूरबावडीला दिवा परत आला.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या गॅरेजवाल्याने डॅशबोर्डखाली स्कॅनर लावला, आकडे बघितले आणि थेट बॅटरीकडे गेला. टर्मिनल सैल, वर पांढऱ्या-हिरव्या बुऱ्याचा थर. “उभ्या गाडीत चाक फिरवलं की ही मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते, मॅडम. बॅटरी दमलेली, त्यात तुम्ही अर्धा तास दिवे लावून रेडिओ ऐकला.” माझ्या रेडिओचा उल्लेख नवऱ्याला फार आवडला. टर्मिनल घासून घट्ट केलं, बॅटरी जुनी होती ती बदलली. पिवळा आला तर हळू चालवत घेऊन या, तो म्हणाला, लाल आला तर पुढे जाऊ नका, कडेला घ्या आणि फोन करा. तो रंगांवर चालतो. गाडीसोबतच्या पुस्तकात ह्याच दिव्यापुढे ‘अधिकृत केंद्राशी संपर्क साधा’ एवढंच आहे, जे त्यात जवळपास प्रत्येक दिव्यापुढे आहे.

रात्री खांदे भरून आले. तेल चोळता चोळता मामाला फोन लावला. तो आता ऐंशीच्या घरात. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, शर्ट मामीच घालून देते. मी सगळं रंगवून सांगितलं, दिवा, उद्गारचिन्ह, करंट, सैल टर्मिनल. तो हुं हुं करत राहिला.

“गाडी वळली ना पण?”

“वळली.”

“मग,” तो म्हणाला, आणि फोन मामीकडे दिला.