खंजीर लागलेले शब्द

इंग्रजी डिक्शनरी मास्तरांनी घडवली, हे आमच्या इंग्रजीच्या सरांचं ठाम मत होतं. रॉबर्ट कॉड्री मास्तर. त्याने १६०४ साली सुमारे अडीच हजार अवघड शब्दांचा इंग्रजी-इंग्रजी कोश छापला, त्या भाषेतला पहिलाच. सॅम्युअल जॉन्सनने लिचफील्डजवळ शाळा काढली होती. पोरं मोजकीच आली, शाळा बुडाली, गडी लंडनला गेला आणि १७५५ साली त्याचा कोश बाहेर पडला. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचं काम १८७९ साली जेम्स मरे यांनी हाती घेतलं, तेव्हा तेही मिल हिलच्या शाळेत शिकवत होते. "जॉन्सनची शाळा चालली असती तर कोश झाला नसता," असं सर म्हणायचे. आपल्या शाळेला तेव्हा पूर्ण अनुदान नव्हतं, त्यामुळे या वाक्याला शिक्षकांच्या खोलीत वेगळीच दाद मिळायची.

ग्रंथालयातल्या लोखंडी कपाटात 'शॉर्टर ऑक्सफर्ड'चे दोन खंड होते. एकेक खंड दोन्ही हातांनी उचलावा लागे. शॉर्टर एवढा, तर मोठा केवढा, हा प्रश्न दरवर्षी नव्या तुकडीतलं कुणीतरी विचारायचंच. त्यात प्रत्येक शब्दाचे अर्थ काळाच्या क्रमाने दिलेले असतात, सगळ्यात जुना आधी. वापरातून गेलेल्या शब्दाआधी किंवा अर्थाआधी बारीक खंजिराची खूण असते. आम्हाला त्या खुणेचंच वेड लागलं. 'मेलेला शब्द सापडला' म्हणून पोरं पळत यायची.

काकवीचा किस्सा त्यातला. आपला भाग उसाचा, सुगीत घरोघरी गुऱ्हाळाची काकवी. काकवीला इंग्रजीत काय म्हणतात, असं कुणीतरी विचारलं. सरांनी 'ट्रीकल' सांगितलं आणि त्यालाच खंड काढायला पाठवलं. पहिला अर्थ निघाला, विषारी दंशावरचा उतारा! वर्गात हशा पिकला. सर हसले नाहीत. मूळ ग्रीक शब्द हिंस्र जनावरांशी नातं सांगणारा. त्यांच्या चाव्यावरचं औषध म्हणजे ट्रीकल. १५६८ च्या एका इंग्रजी बायबलमध्ये 'गिलादात ट्रीकल नाही काय?' असं छापलंय, तिथे अर्थ औषध. औषध मधात, पाकात कालवून देत. पुढे औषध गेलं, पाक उरला आणि नावही त्यालाच चिकटलं. आमच्या एका मित्राने त्या संध्याकाळी घरी जाऊन आजीला विंचवावर काकवी लावून बघायला सांगितलं. आजी काय म्हणाली ते स्मरणिकेत छापण्यासारखं नाही.

'गर्ल' शब्द १३०० च्या सुमारास मुलगा-मुलगी कुणालाही चालायचा. हे कळल्यावर मुलांच्या बाकांवर जी शांतता पसरली ती बघण्यासारखी होती. मुलगाच सांगायचा असेल तर तेव्हाचे लोक 'नेव्ह गर्ल' म्हणत. "यात हसण्यासारखं काय आहे? आपण 'ते पोर' म्हणतोच की," सर म्हणाले.

'नाइस'चा पहिला अर्थ मूर्ख, अडाणी. म्हणजे खरा अर्थ मूर्खच ना, असं पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, तेव्हा सरांचा आवाज चढला. खरा-बिरा काही नसतो. कोशातलं साल म्हणजे शब्दाची जन्मतारीख नव्हे. कुणीतरी तो लिहिला आणि तो कागद टिकला, एवढंच त्यातून कळतं. त्याआधी लोक तो शंभर वर्षं बोलतही असतील. आज फेसबुकवर 'या शब्दाचा खरा अर्थ ठाऊक आहे का?' असं दिसलं की मला सरांचा तो चढलेला आवाज ऐकू येतो. मात्र आमच्या वह्यांवर त्यांनी कधी 'नाइस' लिहिलं नाही, 'गुड'च लिहिलं. तेवढी सावधगिरी त्यांनाही सुटली नव्हती.

आमचा सगळ्यात लाडका शब्द 'ओव्हरमॉरो'. म्हणजे येणारा परवा. १५३५ साली कव्हरडेलने इंग्रजीत आणलेल्या बायबलमध्ये तो आहे. असा सुटसुटीत शब्द टाकून इंग्रजांनी 'द डे आफ्टर टुमॉरो' एवढं लांबण का लावलं, हे मला अजून पटलेलं नाही. दुसरा 'अबेक्विटेट'. १६२३ च्या कॉकरमच्या कोशात त्याचा अर्थ घोड्यावर बसून निघून जाणं असा दिलाय. कॉकरमने लॅटिन ओढूनताणून असे पुष्कळ शब्द भरले, त्यांतले कित्येक कोशाबाहेर कुणी वापरलेच नाहीत. सर त्यांना कागदी शब्द म्हणत. आम्ही तो जिवंत केला. शेवटचा तास बुडवून सायकलवरून नदीला जाणं म्हणजे अबेक्विटेट. हे सरांना कळलं होतं की नाही, देव जाणे.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासाठी मरे यांनी जगभरच्या वाचकांना चिठ्ठ्या पाठवायला सांगितलं होतं. वरच्या डाव्या कोपऱ्यात शब्द, खाली वाक्य, पुस्तक, साल. ऑक्सफर्डला अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, थंडीत पाय खोक्यात घालून ते बसत आणि घरची पोरं खाऊच्या पैशांवर चिठ्ठ्या लावून देत. 'बाँडमेड' म्हणजे दासी, या शब्दाच्या चिठ्ठ्या मात्र गहाळ झाल्या, तो शब्द कोशातून गळला आणि १९३३ च्या पुरवणीत आला. मरे १९१५ साली गेले. मोठा कोश १९२८ ला पुरा झाला, चार लाखांवर शब्द. सरांनी आम्हालाही तसंच कामाला लावलं. पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या करून आम्ही खडूच्या रिकाम्या खोक्यांत लावायचो. आमचा आठवीचा वर्गही पत्र्याच्याच शेडमध्ये भरायचा. थंडीचा प्रश्न नव्हता, एप्रिलचा होता.

पुढे नोकरीसाठी पासपोर्ट काढला. राष्ट्रपतींच्या नावाने छापलेल्या विनंतीत 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' वाचलं आणि ओळख पटली. हा 'लेट' उशिराचा नव्हे, 'होऊ देणं' सांगणारा. त्याचा हा जुना अर्थ म्हणजे अडथळा, आज आपण वापरतो त्याच्या अगदी उलटा. टेनिसमध्ये सर्व्हिस करताना चेंडू जाळीला घासून गेला की पंच 'लेट' पुकारतो, तोही हाच. एरवी केव्हाच गेलेला हा अर्थ आपल्या प्रत्येक पासपोर्टधारकाच्या खिशात आहे.

मध्यंतरी शाळेत आलो तेव्हा ते दोन्ही खंड कपाटाच्या वरच्या फळीवर, कुलपात दिसले. दुसऱ्याची पाठ सुटली आहे. बांधणीचा खर्च मी देतो, तसं ग्रंथपालबाईंना सांगून ठेवलं आहे. अट एकच, बांधून आल्यावर ते पोरांचा हात पोचेल अशा फळीवर ठेवायचे.

– एक माजी विद्यार्थी, दहावी 'ब', १९८९