गोएचा लाच्या वाटेवरून कांचनजंगा

युकसोमला १६४२ साली सिक्कीमच्या पहिल्या चोग्यालचा, म्हणजे राजाचा, राज्याभिषेक झाला. गोएचा ला या खिंडीची वाट इथूनच निघते. साचेन, त्शोका, झोंगरी, थानसिंग हे मुक्काम एका दमात सांगून टाकते, कारण मला लिहायचंय ते समिती तलावाच्या वर, मोरेनच्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या, धारेवरून पहाटे दिसलेल्या डोंगराबद्दल.

उजव्या हाताला ६६९१ मीटरचं पांडिम अगदी अंगावर आलेलं. समोर ८५८६ मीटरच्या कांचनजंगाचा माथा आधी केशरी झाला आणि मग ऊन कड्यावरून सावकाश खाली उतरत गेलं. फोटोंत एकच शिखर ठसतं, पण हा पाच शिखरांचा पसारा आहे. त्यातली चार आठ हजार मीटरच्या वर, फक्त कांगबाचेन ७९०३. मुख्य शिखरापासून चार दिशांना चार धारा सुटतात आणि त्यांच्या बेचक्यांतून चार हिमनद्या वाहतात: ईशान्येला झेमू, आग्नेयेला तालुंग, नैऋत्येला यालुंग, वायव्येला कांचनजंगा. बंगालच्या उपसागरावरून येणारं मोसमी वारं थेट या डोंगरावर आदळतं, म्हणून इथे बर्फ भरमसाट पडतं आणि हिमकडे सतत कोसळतात. ती गडगड आम्हालाही ऐकू आली.

२५ मे १९५५ रोजी ब्रिटिश मोहिमेतले जो ब्राउन आणि जॉर्ज बँड सगळ्यांत पहिल्यांदा, नेपाळमधून, यालुंगच्या बाजूने वर पोचले आणि माथ्याच्या काही फूट अलीकडे थांबले. सिक्कीमच्या लोकांसाठी हे शिखर म्हणजे देव, तिथे पाय ठेवणार नाही असा शब्द दिलेला होता. दुसऱ्या दिवशी आलेल्या त्याच मोहिमेतल्या हार्डी आणि स्ट्रीदर यांनीही तो पाळला. गिर्यारोहणाच्या इतिहासात मला याहून मोठं काही वाटत नाही. झेमूकडच्या ईशान्य सोंडेवरून १९२९ आणि १९३१ मध्ये जर्मन तुकड्यांना माघारी फिरावं लागलं होतं. १९७७ मध्ये कर्नल नरिंदर कुमार यांच्या भारतीय लष्करी मोहिमेने तीच सोंड पूर्ण केली. पुण्याच्या गिरिप्रेमीचे दहा गिर्यारोहक मे २०१९ मध्ये माथ्यावर पोचले, तेही नेपाळच्या बाजूने.

सिक्कीमकडून आता चढाईला बंदी आहे, आणि ती असावीच. बघायला मात्र जरूर जा. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. परवाना आणि वाटाड्या युकसोमलाच मिळतात. शेवटच्या मुक्कामावरून मध्यरात्रीनंतर लवकर निघा, कारण ऊन चढलं की ढग वर येतात आणि सगळं झाकून टाकतात.