पासवर्ड न विचारणारा इन्स्टॉलर

नवीन ऑफिसचं नेटवर्क ताब्यात आलं की मी सगळ्यात आधी बघतो ते प्रत्येक कॉम्प्युटरवर लोकल ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपमध्ये, म्हणजे त्या कॉम्प्युटरवर पूर्ण अधिकार असलेल्यांच्या यादीत, कोणाकोणाची नावं आहेत ते. या ऑफिसातली यादी अगदी स्वच्छ होती. डोमेन ॲडमिन (सगळ्या नेटवर्कचे ॲडमिन) आणि एक लोकल खातं, एवढंच. बाकी सगळे साधे युजर.

त्याच दिवशी दुपारी लेखा विभागात प्रिंटरच्या कामासाठी गेलो होतो. शेजारच्या टेबलावर एक मॅडम पीडीएफ जोडायचं टूल इन्स्टॉल करत होत्या. फाइलवर डबल क्लिक, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. प्रोग्रॅम थेट प्रोग्रॅम फाइल्समध्ये, म्हणजे साध्या युजरला लिहिता न येणाऱ्या फोल्डरमध्ये, जाऊन बसला आणि ॲडमिनचा पासवर्ड मागणारी खिडकी आलीच नाही. मी विचारलं, "मॅडम, पासवर्ड कोणाचा टाकलात?" त्या म्हणाल्या, "पासवर्ड? इथे कधीच विचारत नाही, सर. फाइल एमएसआय असली की होऊन जातं. एक्सई असली की मात्र अडतं."

एमएसआय आणि एक्सई हे इन्स्टॉलर फाइलचे दोन प्रकार; एमएसआय विंडोज स्वतः बसवतं, एक्सई हा आपला आपण चालणारा प्रोग्रॅम असतो. घोडं कुठे पेंड खातंय ते या शेवटच्या वाक्यातच कळलं. त्यांच्या परवानगीने तिथेच रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचं कोठार, उघडली. सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, इन्स्टॉलर. ऑलवेज इन्स्टॉल एलेव्हेटेड (नेहमी वरच्या अधिकारांनी इन्स्टॉल कर) नावाची व्हॅल्यू तिथे होती आणि तिच्यापुढे 1, म्हणजे चालू. ही पॉलिसी कॉम्प्युटर आणि युजर अशा दोन्ही बाजूंना चालू असेल तरच लागू होते. दोन्हीकडे 1 होता. म्हणजे कोणीतरी ती समजून उमजून, ग्रुप पॉलिसीतून (सर्व्हरवरून सगळ्या कॉम्प्युटरना एकदम सेटिंग लावायची सोय) सगळ्या ऑफिसला लावली होती.

हेतू समजण्यासारखा आहे. एमएसआय पॅकेज बसवण्याचं काम विंडोज इन्स्टॉलर ही सर्व्हिस करते आणि ती सिस्टम खात्याखाली चालते, म्हणजे त्या कॉम्प्युटरवरचे सर्वोच्च अधिकार तिच्याकडे असतात. ही पॉलिसी तिला सांगते की समोर येईल ते पॅकेज त्या अधिकारांनी बसव. पॅकेज कोणी बनवलं, कुठून आलं, याची चौकशी नाही. हे पूर्ण ॲडमिन अधिकार दिल्यासारखंच आहे, असा इशारा मायक्रोसॉफ्टच्या माहितीपत्रातही दिलेला आहे. पण ॲडमिनिस्ट्रेटर्सच्या यादीत यातलं काहीच दिसत नाही, म्हणून ती यादी इतकी स्वच्छ होती.

साहेबांना तोंडी सांगून भागणार नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं, "लोकांना ॲडमिन केलेलं नाही ना? मग झालं तर." मी एका टेस्ट मशीनवर साध्या खात्याने लॉगिन केलं आणि एक छोटं एमएसआय पॅकेज चालवलं. त्याचं काम एकच, तेच खातं ॲडमिनिस्ट्रेटर्समध्ये घालायचं. मग त्यांच्यासमोर कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट लोकलग्रुप ॲडमिनिस्ट्रेटर्स टाइप केलं. त्या साध्या खात्याचं नाव यादीत आलेलं होतं. साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "मेलमधून अशी फाइल आली तर?" तर हेच होणार होतं, फक्त कोणाला न दाखवता.

पॉलिसी त्याच संध्याकाळी बंद केली. पण ती बंद करून मोकळं होणं मला पटत नाही. उद्या मॅडमना पीडीएफ जोडायच्या असतील तर त्यांनी काय करायचं? काम अडलं की लोक वाट काढतात आणि त्यांना दोष देता येत नाही.

म्हणून सगळ्या मशीनचे ॲप्लिकेशन लॉग, म्हणजे प्रोग्रॅमच्या घडामोडींच्या विंडोजमधल्या नोंदी, गोळा केले. एमएसआय इन्स्टॉल झालं की विंडोज इन्स्टॉलर तिथे 1033 क्रमांकाची नोंद करतो, प्रॉडक्टचं नाव आणि आवृत्ती यांसकट. मागचं जेवढं शिल्लक होतं तेवढं चाळलं. माझ्या दृष्टीने दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम हेच. घातपाताचं काही सापडलं नाही. पीडीएफची टूल्स, झिप उघडणारे प्रोग्रॅम, लेखा सॉफ्टवेअरचे अपडेट, आणि एक रिमोट कंट्रोलचा प्रोग्रॅम. तो एकाने घरून काम करता यावं म्हणून बसवला होता. लोकांना नक्की काय हवंय याची इतकी प्रामाणिक यादी मागूनही मिळाली नसती.

त्या यादीतलं एकेक पॅकेज निर्मात्याच्या साइटवरून घेतलं, डिजिटल सही पाहिली, टेस्ट मशीनवर चालवलं आणि सर्व्हरवरच्या एका शेअर फोल्डरमध्ये ठेवलं. ग्रुप पॉलिसीत सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन नावाची सोय विंडोज 2000 पासून आहे. तिथून पॅकेज युजरसाठी पब्लिश केलं, म्हणजे हवं त्याला घेता येईल असं ठेवलं, की ते कंट्रोल पॅनलमध्ये, नेटवर्कवरून प्रोग्रॅम इन्स्टॉल करा या ठिकाणी दिसतं. युजर स्वतः निवडतो, सर्व्हिस आपल्या अधिकारांनी बसवते, पासवर्ड कोणालाच लागत नाही. सर्व्हिस तीच, फरक इतकाच की काय बसवायचं ते आधी कोणीतरी तपासलेलं असतं.

इथे फोल्डरच्या परवानग्या फार सांभाळाव्या लागतात. युजरना फक्त वाचण्याची परवानगी. लिहिण्याची दिली तर कोणीही पॅकेज बदलून ठेवू शकतं आणि आपण मघाचंच भोक नव्या जागी पाडलेलं असतं. लेखा सॉफ्टवेअर प्रत्येक मशीनवर हवं होतं, म्हणून ते कॉम्प्युटरला असाइन केलं, म्हणजे आपोआप बसेल असं लावलं. ते लॉगिनच्या आधी, कॉम्प्युटरच्या स्वतःच्या खात्याने बसतं, त्यामुळे त्या फोल्डरवर डोमेन कॉम्प्युटर्सना (नेटवर्कमधल्या कॉम्प्युटरच्या खात्यांचा ग्रुप) वाचण्याची परवानगी हवीच. ती विसरली की लोक बरेचदा पॅकेजमध्ये दोष शोधत बसतात.

एक्सई इन्स्टॉलर या मार्गाने जात नाहीत. त्यांच्यासाठी स्टार्टअप स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना चालणारी कमांडची यादी, लिहिली, तीही सिस्टम खात्याने चालते. प्रोग्रॅम आधीच बसलेला आहे का हे तिने पहिल्यांदा तपासायला हवं, नाहीतर दर वेळी मशीन चालू केलं की इन्स्टॉलेशन सुरू. रिमोट कंट्रोलचा प्रोग्रॅम काढला आणि त्या सहकाऱ्याला व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणी, दिलं. त्याची गरज खरी होती.

एक बाजू अजून उघडी आहे. काही प्रोग्रॅम युजरच्या ॲपडेटा फोल्डरमध्येच बसतात, त्यांना ॲडमिन अधिकार लागतच नाहीत. त्यासाठी ॲपलॉकर, म्हणजे कोणते प्रोग्रॅम चालू द्यायचे ते ठरवणारी विंडोजची सोय, सध्या नुसत्या ऑडिटवर ठेवलाय. तो काही अडवत नाही, नोंद तेवढी करतो. त्या नोंदी वाचून, ज्याच्या त्याच्याशी बोलून मगच नियम लागू करणार आहे.