निळे स्टिकर

लोकांची घरं आवरून देणं हा माझा धंदा. घर आवरायला घेतलं की सुरुवात माळ्यापासून करायची. गिऱ्हाइकाला वाटतं ओटा आधी घ्यावा, कारण रोज डोळ्यांत खुपतो तो ओटा. पण खाली जागा हवी असेल तर ती वरूनच निघते, आणि माळ्यावरचा माल एकदा खाली उतरला की लावलेल्या ओट्याची वाट लागते. वर चढल्यावर मी सामानाला हात लावायच्या आधी त्याखाली अंथरलेला पेपर बघते. त्यावरची तारीख वाचली की कळतं, ही वस्तू कधीपासून हललेली नाही. माणसं 'आत्ताच दिवाळीला काढलं होतं' म्हणतात. पेपर खोटं बोलत नाही.

कोथरूडच्या त्या घरात पहिला पेपर निघाला 2006 सालचा.

इमारत पुनर्विकासाला गेलेली. 80 च्या दशकातल्या आमच्याकडच्या सोसायट्या सध्या एकामागून एक रिकाम्या होताहेत. बिल्डर भाडं देतो, सामान हलवायचे पैसे देतो, तीन वर्षांत नवी जागा देतो म्हणतो. काका-काकू दोघंही सत्तरीपुढचे, 2 बीएचकेतून भाड्याच्या 1 बीएचकेत जायचे होते. फोन मात्र मुलाचा आला, न्यू जर्सीहून. "आईला काही टाकवत नाही. रिकामे डबे, पिशव्या, सगळं साठवते. तुम्ही जरा कठोर व्हा." पैसे घासाघीस न करता, आगाऊ पाठवले. त्याबद्दल मी त्याला मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले होते.

सोबत त्याने एक्सेलही पाठवली: पहिल्या दिवशी स्वयंपाकघर, मग बेडरूम, मग हॉल. कागदावर छान दिसतं. पण आपल्या घरात वस्तू खोलीप्रमाणे राहत नाहीत, भोक दिसेल तिथे राहतात. पाहुण्यांच्या गाद्या हॉलमधल्या दिवाणात, गणपतीची आरास बाथरूमच्या माळ्यावर, वर्षाचे गहू बेडरूमच्या कोपऱ्यातल्या कोठीत आणि शिलाई मशीन बाल्कनीत, कारण उजेड तिथे. घर आवरण्यावर पुस्तकं लिहिणाऱ्या जपानच्या मारी कोंडोबाई म्हणतात खोली धरू नका, प्रकार धरा. घरातले सगळे कपडे एका ठिकाणी ओता. सातशे चौरस फुटांत कुठे ओतायचे, ते मात्र ज्याचं त्याने बघायचं. आणि इन्स्टाग्रामवर आमच्याच धंद्यातली जी मंडळी शंभर पारदर्शक डबे विकत घ्यायला लावून त्याला आवरणं म्हणतात, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

मी मालकी धरते. प्रत्येक वस्तूला, खोक्याला, पिशवीला मालकाच्या रंगाचा गोल स्टिकर. या घरात काकूंचा लाल, काकांचा पिवळा, मुलाचा निळा, बंगळुरूच्या मुलीचा हिरवा, सगळ्यांचं ते पांढरं. नियम एकच: ज्याचा रंग, त्याचाच निर्णय. भांडणं निम्म्याने कमी होतात. नाहीतर बायको नवऱ्याच्या फायली काढते आणि नवरा बायकोची पातेली.

माळा उतरवायला घेतला आणि माझ्याकडे कामाला असलेल्या पोरींच्या हातातलं निळ्या स्टिकरचं पाकीट संपलं. इंजिनिअरिंगच्या ड्रॉइंगचा मिनी ड्राफ्टर. जर्नलं. अमेरिकेत शिकायला जायच्या जीआरई परीक्षेच्या शब्दांच्या वह्या. मॉनिटरचं खोकं, आत थर्माकोल आणि थर्माकोलच्या खाचेत दुसऱ्याच कशाच्या तरी वायरी. क्रिकेटचे पॅड, एकाच पायाचे. मग लग्न: तीन लेमन सेट, पाच भिंतीवरची घड्याळं, दोन डिनर सेट, सगळे चमकीच्या कागदात जसेच्या तसे. मग नातवंडं: पाळणा, उंच खुर्ची, घडीची बाबागाडी. आणि बॅगा! 23 किलोवाल्या, एकीत एक घातलेल्या, विमानतळाचे टॅग अजून दांड्याला. सगळ्यात आतली उघडली तर दर खेपेला 'पुढच्या वेळी लागतील' म्हणून ठेवून गेलेल्या जीन्स निघाल्या.

काकूंचं काय निघालं? श्रीखंडाचे डबे, हो, पुष्कळ. मी झाकणं जुळवायला बसले, ज्याला झाकण नाही तो बाद, आणि काकूंनी चूं केलं नाही. उलट म्हणाल्या, "अगं, ने सगळे, तुझ्या पोरींना खिळेबिळे ठेवायला होतील." गोदरेजच्या कपाटात साड्यांचा एकच कप्पा. पैठणी प्लास्टिकच्या पिशवीत होती, आत डांबरगोळ्या थेट जरीला टेकलेल्या. काकांचं जुनं धोतर फाडून मी ती त्यात गुंडाळली आणि घड्या बदलल्या, कारण तीच घडी वर्षानुवर्षं राहिली की रेशीम नेमकं तिथेच चिरतं. बाकी लाल म्हणजे सासूबाईंचा तांब्याचा बंब, एक घंगाळ, पितळी डब्यांची चळत आणि नावं घातलेली भांडी. काकांचं पिवळं एका बाकड्याखाली मावलं: विजेची बिलं, घर घेतल्यापासूनची, दोऱ्यात ओवलेली.

संध्याकाळी हॉलमध्ये सगळं मांडलं तेव्हा काका चष्मा वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "हे तर निळं घर आहे." मग काकूंकडे बघून गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल, त्याच्याकडे रात्र. मी कॅमेरा हळूहळू फिरवला. काही बोलले नाही, रंगांचा अर्थ तेवढा सांगितला. तो हुशार आहे, त्याला लगेच कळलं. जरा वेळाने म्हणाला, "ताई, माझं सगळं टाकून द्या. न उघडता." मालकाचा निर्णय, माझ्या लेखी विषय संपला होता. रद्दीवाल्याला फोन लावायला मी मोबाइल हातात घेतलाच होता.

"न उघडता कसं टाकायचं?" काकू म्हणाल्या. "तो येईल, बघेल, मग ठरवेल."

"आई, मी ठरवलंय."

"तू तिथून ठरवलंयस."

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. पाच मिनिटं दोघंही बोलत राहिले. ती त्याच्या वह्यांबद्दल, तो तिच्या गुडघ्यांबद्दल. शेवटी त्याने हल्लीच्या माणसासारखा मार्ग काढला: शहराबाहेरच्या एका गोदामात दरमहा भाड्याने खोली घेतली. अशी गोदामं आता पुण्यात बरीच झाली आहेत. खोक्यांना बारकोड, सीसीटीव्ही, दाराला डिजिटल कुलूप.

निळी खोकी तिकडे गेली. मूव्हर्सच्या पोरांनी ती काय सुरेख बांधली! काकूंच्या बरण्या मात्र एकाच खोक्यात कोंबत होते. मी आडवी झाले नसते तर लोणच्यासकट फुटून नव्या घरी पोचल्या असत्या.

आता लाल. नव्या जागेच्या स्वयंपाकघरात एक भिंत, माळा नाही. बंब ठेवायचा तर बेडरूममध्ये, म्हणजे काकूंनी रात्री उठताना त्यावर आपटायचं. मी म्हटलं, काकू, गोदामात जागा आहे, तुमचंही लाल तिथे पाठवू. मुलगाही हो म्हणाला असता. त्या म्हणाल्या, "त्याच्या पैशाने माझी भांडी कशाला ठेवायची?" आणि स्वतः माझ्याबरोबर रिक्षात बसून रविवार पेठेत आल्या. मोडवाल्याने बंबाची लोखंडी जाळी काढली, पाय ठोकून बघितले आणि तोलला. घंगाळावर सासूबाईंचं नाव होतं, ते त्याने अंगठ्याने पुसल्यासारखं केलं आणि काट्यावर ठेवलं. वजनातून घट म्हणून तो किती कापतो, त्यावरून काकूंनी त्याच्याशी चांगली हुज्जत घातली. दोनशे रुपये जास्त काढले आणि परतताना मला उसाचा रस पाजला.

ज्याचा रंग, त्याचा निर्णय. नियम अक्षरशः पाळला गेला. काकूंनी स्वतःचं विकलं, मुलाने स्वतःचं ठेवलं, म्हणजे खरं तर काकूंनीच ठेवायला लावलं. ज्या बाईला 'काही टाकवत नाही' म्हणून मला बोलावलं, तिचं सामान सगळ्यात आधी आटोपलं. मुलाने फाइव्ह स्टार देऊन लिहिलं, 'आईचं घर बदलून टाकलंत.' मी ते वाचलं, आभार मानले, आणि अजून माझ्या कामांच्या फोटोंत हे घर घातलेलं नाही. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी लावला की नंतरच्यात कुणाचं काय कमी झालं ते कळतच नाही. मी हल्ली स्टिकर लावण्याआधी एक जास्तीचा प्रश्न विचारते: हे जपतं कोण? त्याच्यासाठी रंग कोणता लावायचा, ते अजून ठरलेलं नाही.

मागच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. वैशाख लागायच्या आत गोदामातली खोकी उघडून वह्यांना आणि पाळण्याच्या गादीला ऊन दाखवायचंय, दरवर्षी दाखवतात म्हणे, मी बरोबर येते का? मी गोदामाच्या ऑफिसात विचारलं. माणूस नम्र होता. येऊ शकता म्हणाला, फक्त दार उघडायला ओटीपी लागतो, आणि तो जातो न्यू जर्सीच्या नंबरवर. आमची दुपार म्हणजे तिकडची मध्यरात्र. मुलाला मेसेज टाकलाय, कोणती वेळ जमेल म्हणून.