वळ्या मोजल्या म्हणून

संध्याकाळी सर्जनचा फोन आला. "मॅडम, सोनोग्राफीत इन्टससेप्शन दिसतंय. सीटी बघून लगेच सांगा, ओटी तयार ठेवतोय."

त्यांची घाई बरोबरच होती. मोठ्या माणसात आतड्यात आतडं शिरलं की आत ओढणारी एखादी गाठ असण्याची धास्ती असतेच. पेशंट पस्तिशीतली बाई, अधूनमधून पोट दुखायचं. सीटीच्या पहिल्या फेजमध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्यातल्या चित्रांत, ते टार्गेटसारखं वर्तुळ स्पष्ट होतं, आत ओढली गेलेली चरबी आणि शिराही दिसत होत्या. पण लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर, गाठ नाही, वरचं आतडंही अडल्यासारखं तुंबलेलं नाही. पुढच्या फेजमध्ये, म्हणजे मिनिटभराच्या आत, ते सुटलेलं!

"ऑपरेशन नको," एवढं कळवून टाकलं. 'तात्पुरतं इन्टससेप्शन' लिहून रिपोर्ट संपवता आला असता, पण ते का झालं हा प्रश्न उरतच होता.

लहान आतडं पाण्याने भरलेलं, सैल, फुगीर. मग मी आतड्याच्या अस्तराच्या वळ्या मोजायला बसले. निरोगी जेजुनममध्ये (लहान आतड्याचा वरच्या बाजूचा भाग) इंचाला साधारण 4 ते 7 आणि इलियममध्ये (शेवटचा भाग) 2 ते 4 वळ्या असतात. इथे जेजुनम जवळजवळ गुळगुळीत, तर उजवीकडे खाली इलियममध्ये वळ्यांची दाटी. सिलिअ‍ॅक या आजारात असंच होतं: गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे वरच्या आतड्याचं अस्तर झिजतं, शोषणाचं काम खालच्याला करावं लागतं आणि ते वरच्यासारखं दिसू लागतं. त्यात आतडं सैल पडलेलं, त्यामुळे मधूनच एकमेकांत शिरतं आणि आपोआप सुटतं. मेसेंटरीत, म्हणजे आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात, वाढलेल्या लसीका ग्रंथी होत्या, प्लीहाही वयाच्या मानाने लहान. (या आजाराच्या खुणा पोटातच सापडतात असंही नाही. फिट्स येणाऱ्या काही पेशंट्सच्या मेंदूत मागे दोन्ही बाजूंना कॅल्शियम साचलेलं दिसतं.)

फिजिशियनना पटेना. "जुलाब नाहीत, वजन चांगलं आहे, सिलिअ‍ॅक कुठून आणलंत?"

"हिमोग्लोबिन किती आहे?"

"कमीच. वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या चालू आहेत, पण चढतच नाही."

त्यावर दोघंही क्षणभर गप्प झालो. झिजलेल्या अस्तरातून लोह शोषलं जाणार कसं? टीटीजी-आयजीए (या आजारातल्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी) आणि सोबत एकूण आयजीए करा, आणि बायोप्सी होईपर्यंत गहू बंद करू नका, एवढं मी आवर्जून सांगितलं. हौसेने आधीच पथ्य सुरू केलं की तपासण्या फसव्या येतात.

टीटीजी बरंच वाढलेलं आलं. ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागाच्या, बायोप्सीत विलाय (अस्तरावरची बारीक बोटांसारखी टोकं) सपाट. ग्रंथी पाहून सर्जनना लिम्फोमाची (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरची) शंका होती, तीही रास्तच, कारण सिलिअ‍ॅकमध्ये तो धोका वाढतो. म्हणून पथ्यावर काही महिने काढून पुन्हा सीटी केला. ग्रंथी बऱ्याच बारीक झाल्या होत्या. प्लीहा मात्र होती तेवढीच; अशी आक्रसलेली प्लीहा जंतूंशी नीट लढू शकत नाही, त्यामुळे न्यूमोकोकसची (न्यूमोनिया करणाऱ्या जंतूची) लस द्यावी असं फिजिशियनना कळवलं. या वेळी त्यांनी वाद घातला नाही.